पन्नास मिनिटं दाराबाहेर

लेकाच्या समुपदेशनाबद्दल लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, शेवटी त्यालाच विचारलं, तर म्हणाला लिही, फक्त माझं नाव टाकू नकोस आणि आतलं काही लिहू नकोस. आतलं मला माहितीच नाहीये, त्यामुळे बाहेरचं लिहिते.

मागच्या वर्षी मेडिकलच्या नीट परीक्षेत त्याला ७२० पैकी ४११ पडले. एक वर्ष ड्रॉप घेऊन परत परीक्षा द्यायचं ठरलं, म्हणजे खरं तर आम्ही दोघांनी ठरवलं आणि तो हो म्हणाला. क्लास सुरू झाला, ऑगस्टपर्यंत सगळं ठीक, मग पोरगं हळूहळू रात्री तीन-चारला झोपायला लागलं, सकाळी उठेना, डबा तसाच परत यायचा. मित्र सगळे पुण्या-मुंबईला कॉलेजात गेलेले, त्यांचे स्टेटस बघत बसायचा आणि मग फोन पालथा करून ठेवायचा. मला त्यात नुसता मोबाईल दिसला, ह्यांना आळस दिसला, सासूबाईंनी दोनदा मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. दिवाळीच्या आधी एकदा त्याच्या खोलीत इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले तर हा पलंगाला टेकून फरशीवर बसलेला, लाइट बंद, पंखा बंद. म्हणाला, "आई, मला काहीच वाटत नाहीये गं. रडू पण येत नाहीये." सतरा वर्षांचा मुलगा, माझ्याहून उंच झालेला, आणि मला त्या क्षणी काय बोलावं तेच सुचेना, मी तशीच कपडे घेऊन त्याच्या शेजारी खाली बसले.

ओळखीतून कुणीतरी नाव सुचवलं म्हणून आधी एका ठिकाणी गेलो. तिथे त्याला पंधरा-वीस मिनिटं एकट्याला बोलतं केलं, मग आम्हाला आत बोलावलं आणि त्याने जे जे सांगितलं ते त्याच्यासमोरच आम्हाला सांगून टाकलं, वर आईवडिलांच्या कष्टांची जाणीव ठेव म्हणून लेक्चर. तो घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्यानंतर दीड महिना तो कुठेही यायला तयार नव्हता, आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तो दीड महिना वाया गेला ह्याचा राग मला अजून आहे.

दुसऱ्या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, नाशिकमध्येच, दुसऱ्या मजल्यावर छोटंसं क्लिनिक. पहिली दहा मिनिटं सगळे एकत्र बसलो आणि त्यांनी आधी नियम सांगितला, की हा जे बोलेल ते माझ्यापाशी राहील, फक्त ह्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मी तुम्हाला सांगेन, आणि सांगणार आहे हे आधी ह्याला सांगेन. तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली, मी पाहिलं. नंतर आम्ही बाहेर. बाहेर एक बाकडं, एक कुंडी, भिंतीवर घड्याळ. पन्नास मिनिटं.

त्या दिवशीच मॅडमनी मला सांगितलं की मरणाचे विचार येतात का हे मी त्याला सरळ विचारलंय, तुम्हीही कधी काळजी वाटली तर सरळ विचारा. मला धस्स झालं, मला कायम वाटायचं की विचारलं तर नको ते डोक्यात भरतं. त्या म्हणाल्या, विचारल्याने भरत नाही, असलंच तर बोलायला वाट मिळते. आणि आम्हा तिघांच्याही फोनमध्ये १४४१६ सेव्ह करायला लावला. ही टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आम्हाला एका सेशनचे १२०० पडायचे आणि ते सगळ्यांना झेपत नाहीत हे मला कळतं, म्हणून सांगते, जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येपण मानसोपचाराचे डॉक्टर असतात, केसपेपर काढून दाखवता येतं. आम्हालाही मॅडमनी एकदा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, थायरॉइड वगैरे रक्त तपासलं, त्याला गोळ्या लागल्या नाहीत. लागल्या असत्या तर दिल्या असत्या.

पहिले तीन आठवडे अभ्यासाचं नावसुद्धा नाही. काम काय, तर साडेनऊला उठायचं आणि गच्चीवरच्या मोगऱ्याला पाणी घालायचं. हे म्हणाले ह्यासाठी पैसे देतोय का आपण. पण मूड आला की करू म्हणत बसलं तर मूड येतच नाही, आधी थोडं करायला लागायचं, मूड मागून येतो, असं त्यामागचं गणित होतं, आणि डिसेंबरात तो खरंच स्वतःहून पाण्याची बादली घेऊन वर जायला लागला.

मग वही आली. काय घडलं, मनात काय आलं, शंभरपैकी किती त्रास झाला, असे रकाने पाडलेली लाँगबुक. ती कपाटावर असायची आणि मी हात लावला नाही (एकदा हात लावला होता, उघडली नाही). एक दिवस त्यानेच एक पान दाखवलं, आणि ह्या पानाबद्दल लिहायची परवानगी घेतलीये. लिहिलं होतं, "मला ह्या वेळी सीट मिळालीच पाहिजे." त्यातल्या "ली"पुढच्या "च"ला लाल पेनाने गोल. मॅडमचं म्हणणं, मिळावी असं वाटणं ठीक आहे, त्रास त्या "च"मध्ये आहे. ही विवेकनिष्ठ उपचारपद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस ह्यांची, १९५५ पासूनची, आणि आपल्या मराठीत ती कि. मो. फडके ह्यांनी रुजवली, हे मला नंतर कळलं. पण त्या दिवसापासून मला माझं बोलणं ऐकू यायला लागलं. सकाळी लवकर उठलंच पाहिजे. एवढं तर जमलंच पाहिजे. दिवसातून किती च, बाप रे, आणि ते सगळे त्याच्या कानावर लहानपणापासून पडलेले.

सगळ्यात अवघड गेलं ते स्कूटरवर. सुरुवातीला क्लिनिकमधून निघालो की मी विचारायचेच, काय बोललास, माझ्याबद्दल काही म्हणालास का, आणि मागे तो गप्प व्हायचा. चार-पाच सेशननंतर मी विचारणं बंद केलं, म्हणजे अक्षरशः ओठ आवळून गाडी चालवायचे. मग आम्ही वाटेत उसाच्या रसाला थांबायला लागलो. तिथे तो क्रिकेटचं बोलायचा, मित्राच्या हॉस्टेलचं बोलायचा. आत काय झालं ते नाही.

अजून सगळं छान वगैरे झालेलं नाही. महिन्यातून दोनदा जातो, एखादा आठवडा परत वाईट जातो. ह्या वेळी नीटबरोबर बीएस्सीचापण विचार चाललाय, तो त्याचा त्याने मांडला.

फेब्रुवारीत त्याला अठरा पूर्ण झाली. नंतरच्या सेशनला मॅडमनी संमतीचा फॉर्म नव्याने काढला, मी सवयीने पर्समधून पेन काढलं. त्यांनी फॉर्म त्याच्यापुढे सरकवला, म्हणाल्या आता कायद्याने तू सज्ञान आहेस, वाच आणि तू सही कर. त्याने दोन्ही पानं सावकाश वाचली, माझ्याच पेनाने सही केली, पेन मला परत दिलं, आणि मी उठून बाहेर बाकड्यावर जाऊन बसले.