तुम्ही विचारलंत म्हणून: नखांच्या दुकानातल्या बाई

पुण्या-साताऱ्याहून माणसं इथे कॅलिफोर्नियात, सॅन होजेला लेकीकडे येतात. लेक हौसेने मॅनिक्युअरला नेते आणि पुढच्या भेटीत मला हमखास विचारलं जातं, “इथे नखांच्या दुकानात सगळ्या व्हिएतनामी बायकाच कशा गं?” उत्तरही तयार असतं: “त्यांच्या हातात कलाच असेल.”

हे उत्तर मला खुपतं. म्हणून एकदा नीट सांगते.

30 एप्रिल 1975 रोजी दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन उत्तरेच्या कम्युनिस्ट सैन्याच्या हाती पडली आणि त्या वर्षी सव्वा लाखाहून जास्त व्हिएतनामी माणसं अमेरिकेत आली. सॅक्रामेंटोजवळ होप व्हिलेज नावाची निर्वासितांची एक छावणी होती. हिचकॉकच्या चित्रपटांतली नायिका टिपी हेड्रेन तिथे मदतीला जायची. या बायकांना पोटापाण्याचं काहीतरी शिकवावं, अशी तिची धडपड होती. त्यांचं लक्ष मात्र तिच्या नखांवर खिळलेलं. ते पाहून तिने आपल्या नखं करणाऱ्या बाईलाच तिथे बोलावलं. सुमारे वीस जणी शिकल्या, त्यांना परवाने मिळाले. त्यांनी बहिणीला शिकवलं, बहिणीने नणंदेला, नणंदेने शेजारणीला. काम काही महिन्यांत येतं आणि त्याला इंग्रजी फारसं लागत नाही. 1996 पासून तर कॅलिफोर्नियात परवान्याची परीक्षाही व्हिएतनामीत देता येऊ लागली. एकेकाळी श्रीमंतांची असलेली चैन या बायकांनी कोपऱ्यावरच्या दुकानात आणली. आज अमेरिकेत हे काम करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त व्हिएतनामी आहेत.

हे झालं सगळ्यांचं. मला हे कळलं ते एका बाईंमुळे.

2003 मध्ये मी दर शनिवारी वाचनालयात नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी इंग्रजी शिकवायचे. पहिल्या बाकावर एक बाई बसायच्या, माझ्या आईच्या वयाच्या. मी अठ्ठावीसची. त्या मला ‘को’ म्हणायच्या आणि स्वतःला ‘एम’. व्हिएतनामीत नुसतं ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हणून भागत नाही, नातं लावावं लागतं. एम म्हणजे धाकटं भावंड. को म्हणजे आत्या, आणि शाळेत शिकवणारी बाईसुद्धा. आपण शाळेत ‘बाई’ म्हणतो ना, अगदी तसंच. चोवीस वर्षांनी मोठी बाई माझ्यापुढे स्वतःला धाकटी म्हणवते याने मी फार अवघडले. असं म्हणू नका, अशी विनवणी केली. तेव्हा त्यांनी वहीत एक समीकरण लिहिलं, भराभर सोडवलं, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाल्या, “मीसुद्धा को होते. सायगॉनला. गणित.” शिकवणाऱ्याचा मान कसा ठेवायचा, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

त्यांचे यजमान दक्षिणेच्या सैन्यात होते. युद्ध संपल्यावर नव्या कम्युनिस्ट सरकारने त्यांना ‘पुनर्शिक्षणा’साठी, म्हणजे कैदेच्या छावणीत, नेलं. काही दिवसांचं म्हणून नेलं आणि सात वर्षं ठेवलं. धाकटा भाऊ 1979 मध्ये होडीने निघाला आणि मलेशियाच्या पुलाउ बिडोंग बेटावर लागला. त्या वर्षी जूनमध्ये जेमतेम चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर चाळीस हजार माणसं कोंबली गेली होती. वीस वर्षांत सुमारे आठ लाख माणसं होड्यांनी कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याला सुखरूप लागली. बुडालेल्यांची मोजदाद ठेवायला कोणी नव्हतं. तीन वर्षांहून जास्त कैद भोगलेल्यांना अमेरिका घेऊ लागली तेव्हा 1992 मध्ये बाई यजमानांसह इथे आल्या. गणिताची पदवी इथे कोणी विचारली नाही. महिन्याभरात त्या नणंदेच्या दुकानात स्टुलावर बसल्या.

त्यांचे हात मी जवळून पाहिलेत. नखांचा जुना रंग काढायच्या अ‍ॅसिटोनने बोटांची टोकं पांढरी पडून चिरलेली. दिवसभर त्या वासात, मान खाली घालून, कोणाचे तरी पाय मांडीवर. मुलगा अभियंता झाला, मुलगी दाताची डॉक्टर. दोघांचं गणित दुकान बंद झाल्यावर रात्री त्याच टेबलावर घेतलं, टेबलावरचा दिवा तिरका करून. कला म्हणाल तर ही.

मागच्या उन्हाळ्यात माझी मावशी आली होती, साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेली. बाई आता रोज दुकानात जात नाहीत, मी आणणार म्हणून मुद्दाम आल्या होत्या. पॉलिश लावून होत आलं होतं. मावशीने हळूच मला तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, “मावशी, या गणिताच्या बाई आहेत.” ती क्षणभर बघत राहिली आणि तिने ओल्या नखांचे दोन्ही हात तसेच जोडले.

अंगठ्यांचं पॉलिश फिसकटलं. बाईंनी मावशीचे हात हळूच सोडवून पुन्हा उशीवर ठेवले, कापसावर अ‍ॅसिटोन घेतलं आणि दोन्ही अंगठे नव्याने रंगवायला घेतले.