शॉकच्या नाकावरची काळपुळी

मॅक 6 च्या, म्हणजे ध्वनीच्या सहापट वेगाच्या, हवेच्या प्रवाहात ठेवलेला दंडगोल, प्रवाहाची पूर्ण नाव्हिए-स्टोक्स समीकरणं, आणि ती संगणकावर सोडवणारा सॉल्व्हर मी स्वतः लिहिलेला. भिंतीवरचा उष्णता-प्रवाह काढायचा होता, म्हणून फ्लक्ससाठी, म्हणजे ग्रिडच्या एका सेलमधून शेजारच्या सेलमध्ये काय किती जातं ते काढायला, रो यांची 1981 ची पद्धत घेतली. बाउंड्री लेयर, म्हणजे भिंतीलगतचा मंदावलेला पातळ थर, ती फारशी पुसट करत नाही.

सुरुवातीला नेहमीचाच तमाशा. पंधरा-वीस स्टेप झाल्या की कुठेतरी दाब उणे, ध्वनिवेगाचं वर्गमूळ निघेना, सगळीकडे एनएएन, म्हणजे ‘ही संख्याच नाही’. शॉक, म्हणजे दाब आणि घनता जिथे एकदम उडी घेतात ती लाट, दंडगोलापासून सुटून जागेवर बसेपर्यंत सीएफएल (टाइम स्टेप किती मोठी ते ठरवणारा आकडा) 0.1 वर ठेवला आणि ते निभावलं. मग टाइम स्टेपचं दुखणं: श्यान, म्हणजे चिकटपणाच्या, पदांची मर्यादा अंतराच्या वर्गाने आकसते, भिंतीलगतचा सेल निम्मा केला की स्टेप पावपट. भिंतीच्या दिशेने इम्प्लिसिट (पुढच्या क्षणाच्या किमती एकत्र सोडवणारी, म्हणून मोठी स्टेप पेलणारी) पद्धत केल्यावर रन एकदाचे संपू लागले.

आणि चित्र आलं. धनुष्यासारखा छान वाकलेला शॉक, फक्त बरोबर मध्यरेषेवर त्याला पुढे टोक फुटलेलं. रेसिड्यूअल, म्हणजे समीकरणांत उरलेली तफावत, मात्र पार तळाला! तिथे शॉकमागे दाब 41.8 पट आणि घनता 5.27 पट भरायला हवी. माझे आकडे त्याच्या आसपासही नव्हते.

तीन आठवडे मी स्वतःची चूक शोधत बसले. सममितीची सीमा-अट, ग्रिडचे नॉर्मल, तापमानावरून श्यानता देणाऱ्या सदरलँडच्या सूत्रातली एककं. अर्ध्याऐवजी पूर्ण दंडगोल घेतला, टोक तिथेच. ग्रिड बारीक केली, तर ते आणखी अणकुचीदार. वैतागून श्यानताच बंद केली, तरी ते जाईना. म्हणजे इतके दिवस ज्या श्यान पदांवर संशय घेतला, ती बिचारी निर्दोष होती.

मग कळलं की या दुखण्याला नाव आहे: कार्बंकल, म्हणजे आपली काळपुळी. रो पद्धतीत ते 1988 मध्येच नोंदवलं गेलंय. एकमेकांवरून सरकणाऱ्या थरांत ही पद्धत खोटी श्यानता जवळजवळ घालत नाही. भिंतीजवळ मला तेच हवं होतं; पण ग्रिडरेषेला समांतर बसलेल्या जोरदार शॉकमध्ये उठणारी बारीक डळमळ दाबायला मग काहीच उरत नाही.

सगळीकडे एचएलएल, म्हणजे जास्त खोटी श्यानता घालणारी दुसरी फ्लक्स-पद्धत, लावलं तर शॉक गुळगुळीत, पण बाउंड्री लेयर फुगलेली आणि भिंतीवरचा तापमानाचा उतार मवाळ. म्हणून दाबाच्या उडीवरून शॉक ओळखणारा सेन्सर लिहिला आणि तेवढ्याच भागात एचएलएल ठेवलं. इथेही आधी उलटंच केलं: प्रवाह सेलच्या ज्या बाजूंमधून शॉक ओलांडतो, त्यांवर ते लावलं. काही फरक नाही. शॉकच्या लांबीत शेजारी-शेजारी बसलेल्या सेलमधल्या बाजूंवर लावलं, तेव्हा टोक विरघळलं.

नंतर भिंतीलगतचा सेल पुन्हा निम्मा करून बघितला. उष्णता-प्रवाह जवळपास तोच राहिला. सेन्सरचा उंबरठा मात्र अजून हातानेच लावते. मॅक 3 ला चालणारा आकडा मॅक 6 ला चालत नाही.