मैदानातून रस्त्यावर: आमची वाटचाल

आमचं नेरूळमधलं दुकान मूळचं सायकल दुरुस्तीचं. पंक्चर, ब्रेकचे रबर, चेन, बाबांच्या काळापासून हेच काम. इथले आतले रस्ते दोन्ही कडांना उभ्या गाड्यांनी भरले, तसं मुलांच्या सायकलींचं वाकलेलं चाक वरचेवर दुकानात यायला लागलं. ‘कसं झालं रे?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘काका, गाडीचं दार उघडलं.’ चाक सरळ करून देऊन गप्प बसवेना. रविवारी सकाळी शिकवायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

तोल सांभाळता आला की मूल सायकल शिकलं, असं आईबाबा धरून चालतात. रस्त्याला तेवढं पुरत नाही. ब्रिटनमध्ये २००७ पासून ‘बाइकेबिलिटी’ नावाचं प्रशिक्षण आहे. त्यात आधी मोकळी जागा, मग शांत रस्ते आणि शेवटी वर्दळीचे रस्ते, असे तीन टप्पे असतात. आम्ही आमचा क्रम त्यावरूनच बांधला.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो मागे वळून पाहण्यात. मूल उजव्या खांद्यावरून मागे पाहतं आणि हँडलही त्याच बाजूला वळतं. म्हणून आमची ताई मागे उभी राहून बोटं दाखवते. सरळ रेषेतून न हलता किती बोटं ते सांगायचं. हे जमल्यावरच एक हात सोडून इशारा. उभ्या गाडीपासून उघडलेल्या दाराएवढं अंतर ठेवायचं, सिग्नलला बसच्या डाव्या बाजूने पुढे घुसायचं नाही. मोठ्या चौकात लहान मुलांनी उजवीकडे वळूच नये. उतरायचं आणि झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल हातात धरून जायचं. पावसाळ्यात रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा दोन्ही ब्रेक आधीपासून हळूहळू दाबायचे.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं. आणि सायकल मुलाच्या आजच्या उंचीची! वाढत्या अंगाचे कपडे चालतात, वाढत्या अंगाची सायकल नाही. पाय टेकत नसतील तर आम्ही ती विकत नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं तरी चालेल.

एका शाळेने विचारलं होतं, सभागृहात सगळ्या मुलांना एकदम तासभर सांगाल का? पैसे बरे मिळाले असते. पण हे बसून ऐकण्याचं शिक्षण नाही, म्हणून नम्रपणे नकार दिला. आमच्या रस्त्यावरच्या तुकड्या लहानच असतात, एक प्रशिक्षक पुढे, एक मागे. त्यामुळे वर्गातून मिळकत बेताची, घर अजून दुरुस्तीवरच चालतं. पाम बीच रोडवर न्या, असा मुलांचा हट्ट असतो. तिथल्या वेगात आम्ही शाळकरी मुलांना नेत नाही.

या वर्षी पालकांना बरोबर घेतलं. शेवटच्या दिवशी आई किंवा बाबांनी मुलाबरोबर घर ते शाळा हा रस्ता सायकलने करायचा. शिवाय त्यांना गाडीचं दार डाव्या हाताने उघडायला शिकवतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, डावा हात दाराकडे नेताना अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. दोन सोसायट्यांनी हाच सराव आपल्या वॉचमन आणि ड्रायव्हर मंडळींसाठी मागितला आहे. तो शाळा सुरू होण्याआधी घेणार आहोत.