गांधीलमाशीला चाकं किती?

लढाऊ विमानाला चाकं तीन जागी असतात आणि गांधीलमाशीला पाय सहा. प्लास्टिकच्या मॉडेल-विमानाची गांधीलमाशी करायची ठरवलं की पहिलं भांडण इथंच लागतं. पंख, रंग, नांगी हे सगळं नंतर. आधी ही बया टेबलावर उभी कशावर राहणार ते सांगा.

प्लास्टिकची मॉडेलं करणाऱ्यांमध्ये दोन जाती आहेत. एक रिव्हेट, म्हणजे विमानाच्या पत्र्यांवरचे खिळे, मोजणाऱ्यांची. अमुक साली अमुक स्क्वाड्रनच्या विमानाच्या शेपटीवर करडा रंग नेमका कोणता होता, यावर ही मंडळी रात्र काढतात. दुसरी जात माझ्यासारख्यांची, कधी झालंच नाही असं विमान करणाऱ्यांची. पहिल्यांचा आमच्यावर ठरलेला टोमणा असतो: तुमचं बरं आहे, काहीही चिकटवा, चुकलं म्हणणार कोण? मला हे मुळीच पटत नाही. खऱ्या विमानाचं मॉडेल करताना फोटो असतात, आराखडे असतात, उत्तरं छापील मिळतात. इथं उत्तरपत्रिकाच नाही. वर विमान आणि माशी दोघंही आपापलं घोडं दामटत असतात आणि निवाडा आपण करायचा.

कीटकांची नावं विमानांना पूर्वीपासून आहेत. मॉस्किटो होतं, हॉर्नेट आहे, १९६५ च्या युद्धात आपल्या हवाई दलानं गाजवलेलं नॅट म्हणजे तर चिलटच. पण हे सगळं बारशापुरतं. मॉस्किटोत डासाचं काही नव्हतं, ते लाकडी होतं. हॉर्नेटवरही गांधीलमाशीची एक खूण सापडायची नाही.

म्हणून हॉर्नेटचं किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा खोका, न घेता मी एफ-५ई घेतलं. अमेरिकेच्या नॉर्थ्रॉप कंपनीचं हे सडपातळ विमान, आपल्याकडे कधी नव्हतं. खऱ्याच्या पंखांचा विस्तार ८.१३ मीटर, म्हणजे १/७२ प्रमाणात साधारण ११.३ सेंटिमीटर. लांबी वीतभर. निवडीचं कारण एकच, त्याची कंबर. वरून पाहिलं की धड मध्येच आत गेलेलं दिसतं.

ही कंबर नखऱ्याची नाही. १९५० नंतरच्या त्या वर्षांत विमानं ध्वनीच्या वेगापाशी येऊन अडखळत होती. कॉन्व्हेअर कंपनीचं वायएफ-१०२ हे विमान १९५३ साली उडालं, पण सरळ उड्डाणात काही केल्या ती वेस ओलांडेना. नासाच्या आधी जी सरकारी संस्था होती, तिच्या लँग्लेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड व्हिटकॉम्ब या अभियंत्यानं तोवर शोधून काढलं होतं की त्या वेगाला हवा पंख वेगळे आणि धड वेगळं असा हिशेब ठेवतच नाही. ती दोघांचा मिळून आडवा छेद किती ते पाहते, आणि तो एकदम वाढला की अडवते. म्हणून पंख सुरू होतात तिथं धड आत घ्यायचं. कंबर आवळलेलं तेच विमान डिसेंबर १९५४ मध्ये ध्वनीच्या पुढे निघून गेलं. गांधीलमाशीला अर्थात ध्वनीशी काही देणंघेणं नाही. पोट हवं तिकडे वळवून नांगी मारता यावी म्हणून तिची कंबर बारीक. कारणं दोन टोकांची आणि बांधा एक, हे मला फार आवडतं.

तरी माशीच्या मानानं एफ-५ची कंबर जाडच. ती आणखी घासावी, तर किटचं प्लास्टिक जेमतेम मिलिमीटरभर जाड असतं, बाहेरून घासत गेलं की भोक पडतं. त्यावर इलाज घरच्या नळाच्या गळतीचा: एम-सील. दोन रंगांच्या कांड्या मळून ती आतून दाबून बसवायची, रात्रभर कडक होऊ द्यायची, मग बाहेरून पॉलिश पेपर. आधी जाड, मग बारीक, शेवटी पाण्यात भिजवलेला. प्लास्टिक संपून एम-सील लागतं ती जागा डोळ्यांना कळायच्या आधी बोटाला कळते.

पायांचा निवाडा असा केला. पुढचे दोन पाय जोडून नाकाखालचं चाक. मागचे दोन म्हणजे पंखांखालची मुख्य चाकं. उरलेल्या मधल्या जोडीला जमिनीवर कामच नाही, तिथं क्षेपणास्त्रं टांगली. माशी श्वास घेते अंगाच्या दोन्ही बाजूंच्या बारीक छिद्रांतून, विमान हवा घेतं दोन्ही बाजूंच्या तोंडांतून, त्यामुळे तिथं काहीच करावं लागलं नाही. डोक्यावर दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये माशीला आणखी तीन बारके डोळे असतात, उजेडाचा अंदाज घ्यायला. कॅनॉपीच्या, म्हणजे पायलटवरच्या काचेच्या झाकणाच्या, पुढे पारदर्शक गोंदाचे तीन थेंब सोडले, वाळल्यावर ते भिंगासारखे चकाकतात. चार पंखांचा प्रश्न माशीनंच सोडवून ठेवला आहे. तिचा मागचा पंख बारीक आकड्यांनी पुढच्याला अडकतो आणि उडताना दोन्ही मिळून एकच होतात. तेव्हा विमानाचे दोन पंख तसेच ठेवून त्यांवर एक जोडरेघ कोरली आणि पत्र्यांच्या सांध्यांऐवजी सुईनं शिरा ओढल्या.

मिशांसाठी मात्र काही विकत आणायचं नाही. भाग तोडून झाले की किटची रिकामी चौकट उरते, तिची एक काडी मेणबत्तीवर धरायची. ज्योतीत नाही, ज्योतीच्या वर. प्लास्टिक चकाकायला लागतं, मग मधोमध ढिलं पडतं, त्या क्षणी बाजूला घेऊन दोन्ही हातांनी ओढायचं. हळू ओढलं तर दोरा, झटक्यानं ओढलं तर केस.

आणि शस्त्रं? विमानाची पुढे, माशीचं मागे. इथं मी बराच अडलो. मग वाचनात आलं की मोठ्या गांधीलमाश्या शिकार बहुतेक जबड्यानंच करतात, नांगी मुख्यतः स्वतःच्या नि घराच्या रक्षणाला. झालं, मिटलं. नाकातल्या दोन तोफा म्हणजे जबडा. शेपटीखाली, दोन इंजिनांच्या मध्ये, नांगी. पाठलाग करणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवायला जळते गोळे सोडणारी.

खरी मजा रंगात. लढाऊ विमानाचा रंग लपण्यासाठी असतो. वरून करडा, खालून फिका, कोणाच्या डोळ्यांत येऊ नये असा. गांधीलमाशीचा रंग दिसण्यासाठी असतो: मी इथं आहे, माझ्या वाटेला जाऊ नका. एका रिव्हेट-मोज्या मित्रानं काळ्या-पिवळ्याची कल्पना ऐकून विचारलं, "अरे, हे विमान पाडायला रडार कशाला, गच्चीवर उभा माणूस पुरे की!" बरोबर आहे त्याचं. पण लपायचं असेल तर गांधीलमाशी कशाला करायची? नाकतोडा करावा.

या दिसण्याच्या धंद्यात तोतयेही शिरतात. निरुपद्रवी फुलमाश्या काळे-पिवळे पट्टे घालून हिंडतात, नांगी नसताना. हेन्री बेट्स या निसर्गअभ्यासकानं अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या फुलपाखरांवरून ही सोंगं १८६२ साली मांडली. आता एफ-५चं चरित्र पाहा. अमेरिकेच्या हवाई दलानं आणि नौदलानं हे विमान सरावात शत्रूचं सोंग घ्यायला वापरलं. आकारानं मिग-२१च्या जवळचं, म्हणून त्याला सोव्हिएत धाटणीचे रंग फासायचे, नाकावर मोठे आकडे घालायचे आणि आपल्याच पायलटांच्या अंगावर सोडायचं. म्हणजे मी ज्याची गांधीलमाशी करत होतो ते मुळातच बहुरूपी. त्याला आणखी एका सोंगाचं काय ओझं!

पट्टे किती काढायचे, इथं मोह आवरावा लागतो. शेपटीपर्यंत पट्टेच पट्टे ओढले की माशी होत नाही, फुटबॉलची जर्सी होते. आपल्याकडची जी मोठी काळी गांधीलमाशी, तिच्या पोटावर एकच रुंद पिवळा-नारिंगी पट्टा असतो. एकच, पण लांबून ओळखू येतो. मीही एकच ठेवला. पिवळा रंग झाकायला कमजोर, काळ्यावर मारला तर मळकट हिरवा दिसतो, म्हणून आधी पांढरा प्रायमर, त्यावर पिवळा, मग पट्ट्यापुरती टेप आणि बाकी सगळं काळं.

नांगी फक्त मादीला असते, तेव्हा हे विमान मादीच. मग मिशांना कांडी बाराच, नराच्या तेरा असतात. पोटाचे उघडे भाग सहाच, नराचे सात. कोणी मोजणार नाही, पण रिव्हेट मोजणाऱ्यांना गप्प करायला एवढा पुरावा जवळ असलेला बरा.

आता पुढचं किट मिग-२१चं. १९६३ पासून आपल्याकडे होतं, २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला निवृत्त झालं. नाकातून पुढे आलेली ती लांब नळी पाहता त्याचा डासच व्हायला हवा, आणि चावतो तो डासही मादीच. हिशेब जुळतो: २०१८ साली अवनी चतुर्वेदी एकट्यानं लढाऊ विमान उडवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या, ते मिग-२१च होतं. किटमधली नळी मात्र जाड आणि बोथट निघते. ती कापून त्या जागी इंजेक्शनची सुई बसवायची, ही या छंदातली जुनीच युक्ती. डासाला याहून रास्त सोंड कुठली मिळणार? केमिस्टकडून अगदी बारीकातली सुई आणून ठेवली आहे.