गोरेवाड्याचा पळस, तांब्याच्या पत्र्यावर

काटोल रोड सोडून गोरेवाड्याकडे वळलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. मार्चअखेर. नागपूरला मी याच दिवसांत येतो, कारण पानं गळलेली असतात आणि झाड काही लपवत नाही.

पिशवीत तळहाताएवढा तांब्याचा पत्रा होता. पुण्याहून निघतानाच त्यावर मेण, डांबर आणि राळेचा पातळ थर चढवून मेणबत्तीच्या काजळीने काळा केला होता. सुईने थर खरवडला की तांबं उघडं पडतं आणि पुढे आम्ल तेवढ्याच रेषा खातं. खोल गेलेली रेष जास्त शाई धरते. एचिंग ते एवढंच, पण त्यात खोड उभं करायला मला वर्षं लागली.

मनात डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६४३ सालचं ‘तीन झाडं’ हे एचिंग होतं. डावीकडे पावसाच्या तिरक्या, कडक रेघा, उजवीकडे उंचवट्यावर तिघं दाट पानोऱ्यानिशी उभी. खालच्या झुडपात एक प्रेमी जोडपं आहे, शोधल्याशिवाय सापडत नाही. पण मला ते चित्र त्या तिघांचंच वाटतं. वादळ त्यांनी अंगावर घेतलंय.

इथला पळस वेगळा. उभा राहायचं म्हणून सरळ वाढणं त्याला ठाऊकच नाही. दोन हात वर गेला की वळतो, पुन्हा वळतो. मी निवडलेल्याची एक फांदी मोडून कोपरासारखी जुळली होती. त्या गाठीपाशीच तासभर गेला. साल भेगाळलेली, म्हणून तिथे लांब रेघ चालतच नाही. तुटक, आखूड, एकीवर एक अशाच घ्याव्या लागतात. फुलांचे देठ आणि त्यांच्या टोप्या मखमली काळ्या, त्या जमल्या. भगव्याचं काय करायचं, ते कळेना.

शेळ्या घेऊन एक म्हातारेबाबा आले. “काय करून राहिले भाऊ?”

“झाड काढून राहिलो, बाबा.”

त्यांनी पत्रा उन्हात धरला. काळ्या थरावर खरवडलेल्या रेघांतून तांबं लखलखत होतं.

“फुलं तर लय बेस काढली,” ते म्हणाले.

छापल्यावर हे सगळं उलटं होणार होतं, उजवीकडची फांदी डावीकडे आणि चमकत्या रेघा काळ्या. ते त्यांना सांगावंसं वाटलं नाही. दहाच्या उन्हाने मेण मऊ पडायला लागलं, तसा पत्रा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि बाबांच्या मागोमाग सावलीला गेलो.