टाउन्सव्हिलची दिवा झालेली मुलगी

ब्रिस्बेनहून दीड-दोन तासांचं विमान, आणि आपण ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या टाउन्सव्हिलमध्ये. मार्च संपत आला होता, हवा कोकणातल्या मे महिन्यासारखी चिकट. मी आले होते एक पुतळा बघायला. तो अंधार पडल्याशिवाय खरा दिसत नाही, म्हणून सूर्यास्तापर्यंत स्ट्रँडच्या, म्हणजे इथल्या समुद्रकाठच्या रस्त्याच्या, फरसबंदीवर बसून राहिले. समोर मॅग्नेटिक बेट.

जेट्टीजवळ पाण्यात एक मुलगी उभी आहे, हातात मोठा शंख. 'ओशन सायरन' तिचं नाव. शिल्पकार जेसन डीकेअर्स टेलर यांनी ती इथल्या वुल्गुरुकाबा या मूळ रहिवासी समाजातल्या एका शाळकरी मुलीवरून घडवली आणि २०१९च्या डिसेंबरात ती इथे उभी राहिली. अंधारलं तशी ती आतून उजळली. केशरी.

हा रंग टेलर यांनी ठरवलेला नाही. दूर समुद्रात ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळरांगेतल्या डेव्हिस रीफवर ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स या सागरविज्ञान संस्थेचं हवामान केंद्र आहे. तिथलं पाण्याचं तापमान या पुतळ्यापर्यंत पोचतं. पाणी गार असलं की मुलगी निळी, तापत गेलं की पिवळी, केशरी, शेवटी गडद लाल. शास्त्रज्ञांकडून आकडे येणं थांबलं तर शिल्प अपुरं राहील, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. इथे विज्ञान कलेची सजावट म्हणून आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोटीने जॉन ब्रुअर रीफवर गेले. तिथे समुद्रतळावर टेलर यांचं 'कोरल ग्रीनहाउस' हे शिल्प आहे, समुद्री जीवांना चिकटता यावं अशा खास सिमेंटचं. सुंदर आहे, पण माझं मन किनाऱ्यावरच्या मुलीपाशीच होतं.

त्याला कारण मालवण. काही वर्षांपूर्वी तारकर्लीला डायव्हिंग करताना पांढरेशुभ्र प्रवाळ दिसले होते. किती देखणे, म्हणून मी भराभर फोटो काढले. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याचं बरंचसं अन्न आणि रंग त्यातूनच येतो, हे मला नंतर कळलं. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून जेमतेम एका अंशाने वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो. मग तो पांढरा पडतो. मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर सावरतो. ग्रेट बॅरियर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं.

एक अंश हाताला कळत नाही. बोटीतून मीही पाण्यात हात घालून पाहिला. नुसतं कोमट.

माझ्या चारही संध्याकाळी मी जेट्टीवर गेले. मुलं सायकली फिरवत होती, एक आजोबा गळ टाकून बसले होते. चौथ्या दिवशीही मुलगी केशरीच होती.