मारा नदीवर वाट बघताना

ग्वाल्हेरचं आणि आफ्रिकेचं नातं जवळच्या कूनो अभयारण्यातल्या चित्त्यांपासून सुरू झालं असं अनेकांना वाटतं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते आधी आपल्या ग्वाल्हेरच्या विमानतळावर उतरले आणि मग हेलिकॉप्टरनं कूनोला गेले, हे खरंच. पण त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवले होते. कूनोजवळच्या डोबकुंडला ते ठेवले, पुढे जंगलात सोडले, आणि ते गुराढोरांवर, माणसांवरही जाऊ लागले. आता ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून उलट्या दिशेनं केनियाला निघणाऱ्यांसाठी हे चार शब्द.

बहुतेकांना बघायचं असतं ते मारा नदी ओलांडणं. बारा-तेरा लाख वाइल्डबीस्ट (हरणांच्या कुळातली मोठी जनावरं) आणि त्यांच्याबरोबर लाखांनी झेब्रे टांझानियाच्या सेरेंगेटीतून उत्तरेला, केनियाच्या मसाई मारा अभयारण्यात येतात. जुलै ते ऑक्टोबर हा साधारण काळ, पण नेमका दिवस पाऊस आणि गवत ठरवतं. 'या तारखेला नक्की दाखवतो' म्हणणाऱ्या एजंटाला तिथंच रामराम करा. मारात निदान तीन रात्री हव्यात आणि त्यातला एक अख्खा दिवस फक्त नदीसाठी, सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण डब्यात घेऊन.

कळप नदीकडे येतोय हे आधी धुळीवरून कळतं. काठावर गर्दी दाटत जाते, पुढची जनावरं उतारावरून पाण्यापर्यंत येतात, वास घेतात, आणि काहीतरी खुट्ट होताच मागे फिरतात. असं तीन-चारदा होतं, कधी दोन तास चालतं. इथंच लोक कंटाळून 'चला, सिंह बघू' म्हणतात. मग एखादं जनावर उडी मारतं आणि मागची सगळी रांग त्याच्यामागे पाण्यात पडते.

कळपाला माघारी फिरवतात ते बऱ्याचदा आपणच. पहिलं जनावर पाण्यात पडण्याआधीच गाड्या काठावर घुसल्या, की उतरायची वाट अडते आणि कळप वळतो. गाडी काठापासून लांब, उतरण्याच्या वाटेच्या बाजूला उभी ठेवायची. पहिली काही जनावरं पलीकडे चढली आणि रांग वाहती झाली, की मगच पुढे जायचं. ड्रायव्हरला हे आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. ऐन वेळी गाडीतली बाकी मंडळी 'पुढे घ्या, पुढे घ्या' करतात आणि बक्षिसीच्या आशेनं तोही ऐकतो.

मगरींची भीती सगळ्यांना. प्रत्यक्षात बरीच जनावरं मरतात ती बुडून आणि चेंगरून. काठ उभा, चढायला जागा अरुंद, मागून रेटा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मारा नदीत वर्षाला सरासरी ६,२५० वाइल्डबीस्ट बुडतात असा हिशेब निघाला. त्या मांसावर मगरी, गिधाडं आणि मासे जगतात. बरोबर लहान मुलं असतील तर हे त्यांना आधीच सांगावं.

कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉड नेऊ नका, गाडीत तो उघडायला जागाच नसते. रिकामी कापडी पिशवी न्या, तिथल्या बाजारात दोन-तीन किलो राजमा घेऊन भरा आणि गाडीच्या कडेवर ठेवून लेन्स तिच्यावर टेकवा. निघताना राजमा कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या. १००-४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. उड्या टिपायला १/१६०० किंवा त्याहून जलद शटर लागतो. इंजिन बंद करायला सांगा, त्याच्या थरथरीनं फोटो हलतो. धुळीत लेन्स बदलू नका. दुपारी लांबचे फोटो लिबलिबीत येतात ते तापलेल्या हवेमुळे. महागडी लेन्सही तिथं हात टेकते.

आता चित्ता. तो जास्त करून उजेडातच शिकार करतो. सिंह आणि तरसांचा वावर जास्त करून रात्री, म्हणून तो त्यांची वेळ टाळतो. धाव मिनिटभरही टिकत नाही. शिकार पडल्यावर तो बराच वेळ नुसता धापा टाकत बसतो, आणि गाड्यांचा घोळका बघून तरसं येतात ती नेमकी तेव्हाच. लांब थांबा. एका प्राण्याजवळ पाचच गाड्या, हा नियम मारात आहे. पाळला जातोच असं नाही. बिबट्या शोधताना झाडाच्या फांदीखाली लोंबणारी शेपटी शोधा. ड्रायव्हरच्या रेडिओवर 'चुई' ऐकू आलं तर बिबट्या, 'दुमा' म्हणजे चित्ता, 'सिंबा' तर सगळ्यांना ठाऊकच.

आता सामान. केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर २०१७ पासून कडक बंदी आहे, आणि २०२० पासून अभयारण्यांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. सराफा बाजारातली सुटी शेव आणि गजक पॉलिथिनमध्ये बांधून नेऊ नका. स्टीलच्या डब्यात भरा किंवा कंपनीचं सीलबंद पाकीट घ्या. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानानं जाणार असाल तर हातातल्या बॅगेसकट १५ किलोच चालतात, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस त्या विमानाच्या पोटात मावत नाही. तिथले प्लग चौकोनी जाड तीन पिनांचे, आपले बसत नाहीत. अॅडॅप्टर इथूनच घ्या. मारा समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच, त्यामुळे ऑगस्टच्या पहाटेही ग्वाल्हेरच्या नोव्हेंबरसारखा गारठा असतो. स्वेटर वरच ठेवा. काळे आणि गडद निळे कपडे नकोत, त्से-त्से माशी त्या रंगांवर येते.

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच आणि निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्या, कारण दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो. नंतर तो आयुष्यभर चालतो. दाखल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा. ते नसेल तर खरी अडचण परतीच्या वेळी, भारतातल्याच विमानतळावर येते: सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.